मढसमोरच्या पाण्यात

प्रबुद्धने वल्हं मांड्यांवर आडवं टेकवलं आणि मान वळवून मागे पाहिलं. मागे सौरभ नव्हता.

एवढ्यात एक लाट तिरकी होडीखाली शिरली. तोल गेला. त्याने वल्ह्याचं पातं झटकन पाण्यावर थापटलं आणि कसाबसा सावरला. वाऱ्याबरोबर जाताना मागे बघायचं नसतं, हे सौरभनेच त्याला पहिल्या वर्षी शिकवलं होतं. सर्फ-स्की म्हणजे जेमतेम कमरेइतकी रुंद आणि तीन-साडेतीन माणसांइतकी लांब होडी. वर उघड्यावर बसायचं, पायांनी सुकाणूची पेडल दाबायची आणि मागून आलेली लाट होडीची शेपटी उचलू लागली की जीव खाऊन वल्ही मारायची. मग लाटच होडीला घेऊन धावते. ती सुटली की पुढची पकडायची. गोराईला पाण्यात शिरायचं आणि दुपारच्या वायव्य वाऱ्यावर मनोरी, मढ मागे टाकत वर्सोव्याला उतरायचं. चार वर्षं दोघांचे मार्च ते मे महिन्यांतले रविवार असे जात होते.

तो पुढच्या लाटेच्या माथ्यावर आला आणि पुन्हा पाहिलं. सगळीकडे पांढरा फेस. सौरभची नारिंगी टोपी कुठेच नाही. डावीकडे लांबवर मढचे खडक काळे दिसत होते.

प्रबुद्धने होडी वळवली. वळताना दोन लाटा आडव्या अंगावर आल्या, तोंडात खारं पाणी गेलं. आता वारा समोरून होता. इतका वेळ ज्या लाटांनी त्याला उचलून आणलं त्याच आता छातीवर आदळत होत्या. वल्ही मारून मारून खांदे भरून आले, तरी मढचे खडक जागचे हलत नव्हते.

आधी त्याला होडी दिसली. सौरभची नवी पांढरी होडी उलटी होऊन वाऱ्यावर घसरत त्याच्या बाजूने निघून गेली. हात लांब केला असता तर कदाचित हाताला लागली असती. प्रबुद्धने हात लांब केला नाही. होडी इथे आहे म्हणजे माणूस याच रेषेत, वाऱ्याच्या वरच्या अंगाला आहे, एवढंच त्याने मनाशी धरलं आणि तो पुढे गेला.

सौरभ सापडला तेव्हा तो लाइफ जॅकेटमध्ये तरंगत होता, पण हातपाय असे झाडत होता की जणू जॅकेट नाहीच.

"दोरी?" प्रबुद्ध ओरडला. पडलेल्या माणसाला सोडून होडी जाऊ नये म्हणून ती पायाला दोरीने बांधलेली असते.

"राहिली... बांधायची राहिली... प्रबुद्ध, मला धर! धर रे मला!"

"मागे जा. शेपटीवर पालथा पड."

सौरभ मागे गेला नाही. त्याने बाजूनेच होडीची कड धरली आणि अंग वर ओढलं. होडी उलटली, प्रबुद्ध पाण्यात गेला. त्याने वर येऊन होडी सरळ केली, पोटावर चढला, फिरून बसला. सौरभने पुन्हा तेच केलं. पुन्हा दोघं पाण्यात. तिसऱ्यांदा प्रबुद्ध वर चढला तेव्हा सौरभने त्याचा दंडच धरला, दोन्ही हातांनी, आणि तोंडाने नुसतं "आई, आई गं" चाललं होतं. प्रबुद्ध त्याला सोड म्हणाला, मग शिवी दिली, मग आणखी एक. होडी कलायला लागली. त्याने मोकळ्या हाताने वल्हं उचललं आणि पात्याच्या काठाने सौरभच्या बोटांवर हाणलं.

सौरभ किंचाळला. हात सुटले.

"आता मागे जा," प्रबुद्ध म्हणाला. "नाहीतर मी निघून जाईन."

मग मात्र सौरभ गेला. शेपटीवर पालथा पडला आणि प्रबुद्धच्या जॅकेटचा पट्टा त्याने एका हाताने धरून ठेवला. मढपर्यंत तो रडत होता. मध्ये एकदा त्याला उलटी झाली. मला सोडू नकोस, तू म्हणशील ते करीन, तुझ्यासाठी काहीही करीन, श्वेताला सांग, मला मरायचं नाहीये, असं तो लहान मुलासारखं, एका सुरात बोलत राहिला. प्रबुद्धच्या पाठीला ते सगळं ऐकू येत होतं. मागच्या ओझ्याने होडीचं नाक सतत वर उचललं जात होतं, आणि प्रत्येक लाटेला होडी आडवी होऊ न देणं एवढंच त्याच्या हातात होतं. अर्ध्या वाटेत तोही घाबरला. पण ते त्याने मागे कळू दिलं नाही. "पाय फाकव," एवढंच मधूनमधून म्हणत राहिला. "पाय फाकव आणि गप्प पड."

मढच्या गावाखालच्या वाळूच्या लहानशा पट्टीवर होडी लागली तेव्हा ऊन उतरलं होतं. सौरभ रांगत वर गेला आणि समुद्राकडे पाठ करून बसला. उजव्या हाताची दोन बोटं काळीनिळी झाली होती. प्रबुद्धने त्याला पाण्याची पिशवी दिली. त्याने ती डाव्या हातात घेतली.

"हातावर मारावं लागलं रे," प्रबुद्ध म्हणाला. "सॉरी."

"हं."

त्याने पिशवीतलं पाणी संपवलं. मग सौरभ म्हणाला, "घरी कळायला नको. श्वेता परत पाण्यात पाय टाकू देणार नाही."

"नाही सांगत."

"कुणालाच नको सांगूस."

"अरे, नाही सांगत."

"आणि तिथे मी जे काय बडबडलो ते..."

"काय बोललास?" प्रबुद्ध म्हणाला. "एवढ्या वाऱ्यात काही ऐकूच येत नव्हतं."

सौरभने पहिल्यांदा त्याच्याकडे पाहिलं. खूप वेळ पाहिलं. प्रबुद्धला वाटलं होतं त्याला हायसं वाटेल, पण सौरभच्या नजरेत तसं काही नव्हतं. त्याने तोंड फिरवलं आणि तो पायांना चिकटलेली वाळू झाडायला लागला.

*

सोमवारी सकाळी प्रबुद्ध घाटकोपरहून पवईच्या बसमध्ये होता तेव्हा श्वेताचा, सौरभच्या बायकोचा, फोन आला.

"कसा आहेस रे आता?"

"मी? बराय की."

"बराय म्हणे! काल सौरभ मला काही सांगायलाच तयार नव्हता. बोटं बघितली तेव्हा खोदून खोदून विचारलं, तेव्हा कुठे तोंड उघडलं. दोन्ही बोटांना क्रॅक आहे, महिनाभर प्लास्टर. पण ते जाऊ दे. तुला रात्री झोप लागली का? असं काही झालं की नंतर भीती बसते म्हणतात."

बस गांधीनगरच्या सिग्नलला थांबली होती.

"आणि हे बघ, त्याची बोटं तुझ्यामुळे चेंगरली म्हणून मनाला लावून घेऊ नकोस. बुडणारा माणूस धरेल ते दाबतोच. आणि त्याने त्या दिवशी तुला चालवायला दिलेली नवी होडी गेली, त्याचं तर अजिबात नको. तो म्हणाला, मला त्याला धरायचं होतं, होडी सोडावीच लागली. होडी काय रे, परत घेता येईल. ऐकतोयस ना?"

"हो," प्रबुद्ध म्हणाला.

"बायकोला सांगितलंस की नाही? दर्शनाला?"

"नाही अजून."

"बरं केलंस, मी बोलते तिच्याशी नीट."

ऑफिसात पोचल्यावर तो थेट सौरभच्या केबिनमध्ये गेला. सौरभ त्या विभागाचा प्रमुख होता. प्रबुद्धला चार वर्षांपूर्वी त्यानेच घेतलं होतं. मुलाखतीत कळलं की पोरगा कॉलेजात असताना पवईच्या तलावात होड्या वल्हवायचा, तेव्हा नोकरीबरोबर रविवारही ठरून गेले. प्रबुद्ध जी होडी चालवायचा ती सौरभचीच जुनी. सौरभने उठून दार लावलं. उजवा हात गळ्यात अडकवलेला होता.

"बस. मला माहितीये तू का आलायस. अरे, तिने बोटं बघितली आणि मागेच लागली. तोंडातून निघून गेलं यार."

"मग आता सांग तिला खरं."

"सांगतो. आजच्या आज कसं सांगू? दोन दिवस जाऊ दे ना."

प्रबुद्धला ते पटलं. सौरभचे डोळे सुजलेले होते, रात्रभर तोही झोपला नसावा. माणूस घाबरला की काहीही बोलून जातो, असं मनाशी म्हणत तो जागेवर आला.

जेवणाच्या सुट्टीपर्यंत सगळ्या मजल्याला कळलं होतं. शेजारच्या टेबलावरची दीप्ती म्हणाली, "मरता मरता वाचलास म्हणे! सौरभला पार्टी दे, पार्टी." दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच्या खुर्चीवर कुणीतरी लहान मुलांची, बदकाच्या तोंडाची रबरी ट्यूब फुगवून ठेवली होती. आजूबाजूला सगळे मान खाली घालून हसत होते. प्रबुद्ध ट्यूब हातात घेऊन उभा राहिला. तेवढ्यात केबिनमधून सौरभ बाहेर आला. ट्यूब बघून आधी नुसते त्याचे ओठ हलले. मग कुणीतरी मोठ्याने हसलं, आणि सौरभही हसला, मनापासून.

गुरुवारी प्रबुद्ध पुन्हा केबिनमध्ये गेला. या वेळी सौरभने दार लावलं नाही.

"दोन दिवस झाले," प्रबुद्ध म्हणाला.

"तूच म्हणालास ना, कुणाला सांगणार नाही?"

"तू पडलास हे नाही सांगणार म्हणालो होतो. मी पडलो असं सांगायला नव्हतं सांगितलं."

सौरभने लॅपटॉप मिटला. आवाज खाली आणला.

"ठीक आहे. मग मी काय सांगू? बोटं दारात अडकली? तू मला मारलंस, प्रबुद्ध. वल्ह्याने मारलंस. शिव्या दिल्यास. निघून जाईन म्हणालास. हे सांगू बाहेर सगळ्यांना? सांगतो मग."

"तू सोडत नव्हतास. दोघंही गेलो असतो."

"ते तुला आणि मला माहीत. बाकीच्यांना काय वाटेल याचा विचार कर." मग तो एकदम मऊ झाला. "तुझं काय जातंय यार यात? तू मेलास का? मीही मेलो नाही. विषय संपला. आणि शनिवारी सगळ्यांना घेऊन घरी ये, श्वेता कधीची मागे लागलीये. बाबांनाही आण."

*

घाटकोपरच्या पंतनगरमध्ये, इमारतीखालच्या कट्ट्यावर, प्रबुद्धचे वडील सीताराम रोज संध्याकाळी बसत. परभणीकडून आलेला, विक्रोळीच्या कारखान्यात फिटर म्हणून आयुष्य काढलेला माणूस. बोलणं मोजकं. पण त्या आठवड्यात ते वरचेवर बोलत होते. श्वेताने दर्शनाला फोन केला होता आणि दर्शनाकडून त्यांना सगळं कळलं होतं.

गुरुवारी रात्री प्रबुद्धने ताटावरच सांगून टाकलं.

"मी पडलो नव्हतो, बाबा. तो पडला होता. मी त्याला आणलं."

सीतारामांचा घास हातात राहिला. आई कमल भाकरी वाढता वाढता थांबली.

"मग त्याची बोटं कशानं मोडली?"

"मी मारलं. वल्ह्यानं. तो हात सोडत नव्हता."

"साहेबाला मारलंस तू?"

"हो."

सीताराम त्याच्याकडे बघत राहिले. मग हळूच हसले, शाळेतून मार खाऊन आलेलं पोर घरी मीच मारलं म्हणून सांगतं तेव्हा हसावं तसं.

"लेकरा, पडण्यात काय लाज नसती. म्या कारखान्यात शिडीवरून पडलो होतो, सगळ्यांदेखत. पण ज्यानं वर काढलं, त्यालाच पडला म्हणायचं, असं करू नाही. उपकार मानायला मोठं मन लागतं."

"बाबा, मी खरं सांगतोय."

"बरं," सीताराम म्हणाले आणि जेवायला लागले.

नंतर स्वयंपाकघरात दर्शना भांडी विसळत होती. प्रबुद्ध ओट्याला टेकून उभा राहिला.

"मला खरं वाटतंय तुझं," ती त्याच्याकडे न बघता म्हणाली.

"मग तिथे बोलली का नाहीस?"

"काय बोलू?" तिने नळ बंद केला. "त्यांना आनंद झालाय रे. तू वाचलास त्याचा आहेच, पण नुसता त्याचा नाही. एवढा मोठा साहेब स्वतःची नवी होडी वाहून जाऊ देऊन त्यांच्या पोराला आणायला गेला, याचा. खाली कट्ट्यावर रोज तेच सांगतायत. काल वरच्या मजल्यावरच्या काकांना थांबवून सांगितलं. मी कधी त्यांना असं बघितलं नव्हतं. मी काय म्हणणार होते, की असं काही झालंच नाही?"

प्रबुद्धने ओल्या ताटांतलं एक ताट उचललं, फडक्याने पुसलं, फळीवर ठेवलं. मग दुसरं उचललं.

*

सौरभचं घर अंधेरीला, लोखंडवालाच्या मागच्या बाजूला, अकराव्या मजल्यावर होतं. कमलचे गुडघे दुखत होते, ती आली नाही, पण तिने डबाभर धपाटे आणि शेंगदाण्याची चटणी दिली होती. प्रबुद्धला तो डबा नेणं नको वाटत होतं. ही माणसं तो बाजूला ठेवतील आणि आपल्याला ते दिसेल, अशी त्याला भीती होती. पण श्वेताने डबा दारातच उघडला, उभ्या उभ्या धपाटा तोडून खाल्ला आणि म्हणाली, "अय्या, काय झालेत! काका, आईंना सांगा, मी शिकायला येणार आहे." तिने दुसराही खाल्ला. ऑफिसातली दीप्ती आली होती, तिचा नवरा आला होता. सगळे मोकळेपणाने बोलत होते. सगळे चांगले होते.

सीतारामांनी इस्त्रीचा पांढरा सदरा घातला होता. ते सोफ्याच्या टोकाला बसून सौरभच्या हाताकडे बघत होते. गळ्यातली पट्टी निघाली होती, पण बोटांना प्लास्टर होतं.

"दुखतं का, साहेब?"

"आता नाही एवढं. आणि साहेब काय काका, सौरभ म्हणा."

दीप्तीचा नवरा म्हणाला, "सांग ना एकदा, नक्की काय झालं. आम्ही तुकड्यातुकड्यांत ऐकलंय."

"जाऊ दे रे," सौरभ म्हणाला.

"सांग ना!"

सौरभने ग्लास खाली ठेवला. त्याने एकदा प्रबुद्धकडे पाहिलं आणि सांगायला लागला. मागे पाहिलं तर हा नाही. होडी वळवली. आधी याला दिलेली माझी नवी होडी उलटी होऊन माझ्या बाजूने गेली, पण मी म्हटलं, होडी इथे म्हणजे माणूस वरच्या अंगाला असणार. प्रबुद्ध ऐकत होता. एकही गोष्ट चुकत नव्हती. नुसते दोघे एकमेकांच्या जागी गेले होते. आपण हे सगळं सौरभला कधी सांगितलं, हे त्याला आठवेना, मग आठवलं, मढच्या वाळूवर रिक्षाची वाट बघताना सौरभनेच विचारलं होतं, "मी तुला सापडलो कसा?"

"आणि हा?" श्वेताने विचारलं. "हा काय करत होता?"

"तो... घाबरला होता. साहजिक आहे. आईला हाका मारत होता." सौरभ थांबला. "कुणीही मारेल."

दीप्तीने प्रबुद्धच्या गुडघ्यावर हात ठेवला. दर्शना खिडकीबाहेर बघत होती.

सीताराम उठले. ते आयुष्यात कुणाच्या पाया पडले नव्हते. प्रबुद्धच्या लग्नात व्याह्यांसमोरही त्यांनी ताठ उभं राहून जयभीम केला होता. एका फोरमनने माफी माग म्हटलं, तेव्हा तीन आठवडे घरी बसले होते, पण मागितली नव्हती. आता ते सौरभसमोर आले. त्यांनी त्याचा प्लास्टरचा हात आपल्या दोन्ही हातांत घेतला, कमरेत वाकले आणि त्यावर कपाळ टेकवलं.

"काका... अहो काका, काय हे..."

सौरभ म्हणाला खरं, पण हात त्याने काढून घेतला नाही. सीतारामांच्या वाकलेल्या पाठीवरून त्याची आणि प्रबुद्धची नजर एक झाली. त्या क्षणी तो सांगू शकला असता.

"मी त्याच्या जागी असतो," सौरभ म्हणाला, "तर त्यानेही हेच केलं असतं, काका."

सीताराम सरळ झाले. डोळे पुसले. मग मुलाकडे वळून बघितलं, मायेने, आणि मान हलवली.

"सांगता येत नाही साहेब. हा लहानपणापासून जरा भित्राच. गावी विहिरीत पोहायला ढकलला होता, तर आठ दिवस माझ्याशी बोलला नव्हता."

सगळे हसले. हसण्यात वाईट काहीच नव्हतं. श्वेता म्हणाली, "चला, पानं वाढलीत." प्रबुद्धही हसला आणि बाबांना वाट करून द्यायला उठला. घरी जाताना रिक्षात सीताराम त्याचा हात हातात घेऊन बसले होते. घाटकोपर येईपर्यंत त्यांनी तो सोडला नाही.

*

मे महिना सरत आला तेव्हा सौरभचं प्लास्टर निघालं. "सीझन संपायच्या आत एकदा जाऊ," तो म्हणाला. त्याने नवी होडी आणली होती. प्रबुद्ध हो म्हणाला. दर्शनाने विचारलं, "परत त्याच्याबरोबर?" त्यावर तो एवढंच म्हणाला, "रविवारच तर आहे."

नेहमीच्या टेम्पोवाल्या नंदूच्या गाडीवर दोन्ही होड्या बांधून ते भाईंदरचा वळसा घालून गोराईला उतरले. वाटेत सौरभ खूप बोलला. ऑफिसबद्दल, नव्या प्रोजेक्टबद्दल. प्रबुद्धचं नाव त्याने वर सुचवलं होतं, होऊन जाईल म्हणाला. मढचा विषय निघाला नाही. पण किनाऱ्यावर होड्या उतरवल्या आणि समुद्र समोर आला तसा तो गप्प झाला.

गावातल्या मासेमारीच्या होड्या सगळ्या वर ओढून ठेवलेल्या होत्या. वाऱ्याने वाळू पायांना टोचत होती. प्रबुद्धने वाऱ्याकडे तोंड केलं. वारा वायव्येचा नव्हता, पश्चिमेकडे सरकला होता. म्हणजे लाटा मागून यायच्या नाहीत, कडेवर यायच्या, सबंध वाटभर. कडेची लाट सौरभला कधी जमली नव्हती. चांगल्या दिवसांतही जमली नव्हती. आणि लांबवर, जिथे नेहमी निळं पाणी असतं, तिथे आज पांढरं दिसत होतं.

सौरभ शेजारी येऊन उभा राहिला. त्याने बरी झालेली बोटं दोनदा मिटली, उघडली.

"काय वाटतंय रे? जास्त आहे का?"

प्रबुद्ध बघत राहिला.

"मला आजकाल काही कळतच नाही," सौरभ हळू आवाजात म्हणाला. "रात्री झोपेत पाणी दिसतं. श्वेताला सांगितलं नाहीये. तुलाच सांगतोय. तू नाही म्हणालास तर इथूनच परत जाऊ. मला त्याचं काही नाही. तू म्हणशील तसं."

हे मात्र तो खरं बोलत होता. प्रबुद्धला ते कळलं.

नंदू टेम्पोपाशी उभा राहून वाट बघत होता. होड्या परत चढवायच्या की आपण रिकाम्या गाडीने वर्सोव्याला निघायचं, हे त्याला कळायला हवं होतं.

"झकास आहे," प्रबुद्ध म्हणाला.

"नक्की?"

"नक्की. असा वारा परत मिळणार नाही यंदा."

सौरभचा चेहरा सैल झाला. त्याने मोठा श्वास सोडला, प्रबुद्धच्या पाठीवर थाप मारली आणि नंदूला हाताने जायची खूण केली. टेम्पो वळून रस्त्याला लागला.

"जवळ राहशील ना?" त्याने विचारलं. तो खाली वाकला होता, त्यामुळे त्याचा चेहरा दिसत नव्हता.

"हो," प्रबुद्ध म्हणाला, आणि आपली होडी उचलून आधी पाण्यात शिरला.